अंगणातलं शोभेचं गवत: वाचक विचारतात

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं घर वावराला लागूनच आहे, समोर जागा मोकळी पडलीय. एका रिसॉर्टात शोभेचं गवत पाहिलं आणि लई आवडलं, म्हणून नर्सरीतून लाल फाउंटन ग्रास आणलं, ऑनलाइन निळ्या पंपासचं बी पण मागवलं. बी उगवलंच नाही आणि लाल गवत भर पावसाळ्यात बुडातून सडलं. काळी जमीन आहे. आता काय लावू?
– एक वाचक ताई, दर्यापूर तालुका

उत्तर: ताई, आधी त्या बियांचं सांगतो, निळं पंपास कुठंच उगवत नाही, ते तुरे रंगवलेले असतात, त्यामुळं ते पैसे गेले समजा. खरं पंपास दक्षिण अमेरिकेतलं, पांढरं नाहीतर फिकट गुलाबी, आणि आपल्या ४५ डिग्रीत त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

लाल फाउंटन मात्र आपल्याकडं जमतं, फक्त काळ्या मातीत सपाट लावलं की गेलंच. ही माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि एप्रिल-मेमध्ये अशी भेगाळते की मुळं तुटतात, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून वीतभर उंच वाफा करा, दोन घमेले माती, एक घमेलं मुरूम, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, बस. वरून युरिया टाकू नका, युरियानं गवत नुसतं लुसलुशीत वाढतं आणि वारा आला की आडवं होतं. अजून एक, दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, बोअरचं खारं पाणी देत राहिलात तर पातीची टोकं करपणारच, जमलं तर पावसाचं पाणी टाकीत साठवून ते द्या. लावायचं मिरगात, चांगला पाऊस पडून ओल खाली गेल्यावर. मार्चमध्ये नर्सरीत छान दिसतं म्हणून उचलून आणलं की नवतप्यात त्याची काडी होते. आणि लाल जातीचं बी सहसा रुजत नाही, ठोंब फोडूनच रोपं करायची.

खरं विचाराल तर मी तुमच्या जागी आधी वाळा लावला असता. मुळं सरळ खाली जातात, दहा-दहा फुटांपर्यंत, खारं पाणीही बरंच सोसतो, आणि उंच बांधेसूद ठोंब दिसायला काही कमी नाही. पुढच्या रांगेत गवती चहा. पाहुणे आले की तोडायलाही होतो.

प्रश्न: गवत वाळलं की कधी कापायचं? घरचे म्हणतात होळीआधी काढून टाक.
– वाचक, वणी तालुका

उत्तर: घरच्यांचं ऐका, निदान गोठा किंवा कुटाराचा ढीग जवळ असेल तर ऐकाच. वाळलेला ठोंब ठिणगी पडली की भडकतो. विळ्यानं जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचं, एकदम बुडाशी नाही. पण कापलं की नवे कोंब फुटतात आणि त्यांना उन्हाळाभर पाणी लागतं, आठवड्यातून दोनदा तरी. पाणीच नसेल आणि आजूबाजूला जळण्यासारखं काही नसेल तर वाळलेलं तसंच राहू द्या, त्या पातीच्या सावलीत बुड जगतं, मग मिरगाच्या तोंडावर कापा.

प्रश्न: शेजारच्या सोयाबीनमध्ये तणनाशक फवारलं आणि आठ-दहा दिवसांनी आमच्या कुंपणाचं फाउंटन ग्रास पिवळं पडायला लागलं. त्याचाच परिणाम का?
– वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर: शक्यता मोठी आहे. सोयाबीनमध्ये क्विझालोफॉपसारखी औषधं मारतात ती गवतवर्गीय तण मारायलाच, त्याला तुमचं शोभेचं गवत आणि वावरातलं गवत सारखंच. मधली कोवळी पात धरून हलकं ओढून बघा, अलगद हातात आली आणि तिचं बूड तपकिरी, मऊ झालेलं असेल तर औषध उडून आलंय. पण पोंग्यात अळी असली तरी पात अशीच निघते, म्हणून देठ चिरून आत भोक किंवा अळी आहे का तेही बघून घ्या, उगाच शेजाऱ्याशी भांडण नको. मेलेले फुटवे कापा, थोडं पाणी द्या, बुडात हिरवं शिल्लक असेल तर फुटेल. पुढच्या वर्षी फवारणीच्या दिवशी वारा तुमच्याकडं असेल तर ठोंबांवर जुनी ताडपत्री टाका, काम झालं की लगेच काढा.

प्रश्न: पोळ्याच्या सुमारास नाल्याकाठी पांढरं कास फुलतं, ते खणून आणून धुऱ्यावर लावलं तर?
– वाचक, आर्वी तालुका

उत्तर: नका. कास जमिनीखालून पसरतं, दोन-तीन वर्षांत वावरात शिरेल आणि मग निंदणाच्या मजुरीचा हिशोब तुम्हीच करत बसाल. लईच हौस असेल तर बूड नसलेल्या ड्रमात नाही, बूड असलेल्या मोठ्या कुंडीत लावा, खाली पाणी जायला भोकं ठेवून, आणि तुरा पिकून उडायच्या आत कापून घरात फुलदाणीत ठेवा.