चर्चमध्ये ड्रमसेट, एलईडी स्क्रीन आणि रंगीत दिवे आणावेत की उपासना साधीच ठेवावी?

तुमच्या समितीतले तरुण आणि ज्येष्ठ सामानावरून भांडतायत. मी आधी एवढंच बघेन, की गाताना मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येतो का?

वाद जुनाच आहे. झ्युरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन १५२७ मध्ये मोडून काढला, आणि तिथला प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः चांगला वादक होता! कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ मध्ये विधींत ‘उदात्त साधेपणा’ असावा असं म्हटलं. तेव्हा ऑर्गन म्हणजे साधेपणा आणि ड्रम म्हणजे थाटमाट, ही वाटणी काही खरी नाही. ना. वा. टिळकांची भजनं पेटी-टाळांवर रंगतात, पण दगडी चर्चमध्ये टाळही ड्रमसेटच्या झांजेइतकेच कानात घुसतात.

दगडी भिंती आणि उंच छत असलं की आवाज दोन-तीन सेकंद घुमत राहतो. प्रवचन स्पष्ट कळायला ही घुमण एक सेकंदाच्या आसपास हवी. अशा जागी आवाज वाढवला की शब्द आणखी चिवडले जातात. मोठे स्पीकर घेण्यापेक्षा उभे, बारीक कॉलम स्पीकर लावा आणि त्यांचं तोंड छताकडे नको, माणसांकडे ठेवा. ड्रमऐवजी ढोलक किंवा कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका) पुरतो.

दुसरी गोची पट्टीची. यूट्यूबवरची गाणी बहुधा उंच गळ्याच्या गायकाच्या पट्टीत असतात. गाण्यातला सर्वांत वरचा सूर पेटीवरच्या पांढरी दोनच्या (डी) वर जाणार नाही इतकी पट्टी उतरवा, नाहीतर दुसऱ्या कडव्यापासून लोक नुसते ओठ हलवतात. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं आणि माइक बंद करून पाहा. गाणं तिथेच कोसळलं तर पट्टी उंच आहे किंवा दर रविवारी नवीन गाणं शिकवलं जातंय.

स्क्रीन जरूर घ्या. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, एका वेळी चारच ओळी, आणि शेवटची ओळ संपण्याआधी पुढची स्लाइड. मंडळीवरचे दिवे मात्र मंद करू नका, ज्येष्ठांना गीतपुस्तक वाचायचं असतं. पाळकांच्या चेहऱ्यावर समोरून, थोडा वरून उबदार उजेड पडला की पुरे. धुराचं यंत्र नको, दमेकऱ्यांना त्रास होतो.

आणि काहीही आणलं तरी प्रभुभोजनाच्या मेजासमोर वायरी आणि मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) ठेवू नका. बँडला बाजूला, शक्यतो मंडळीच्याच पातळीवर बसवा.