उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराच्या माथ्यावर सर्वांत आधी कोण पोहोचलं? इतका उशीर का लागला, आणि आज तिथं जाता येतं का?

सर्वांत आधी पोहोचले नोएल ओडेल आणि बिल टिलमन, 29 ऑगस्ट 1936 रोजी दुपारी तीनच्या सुमारास. उंची 7816 मीटर. पण तुम्ही 'उशीर का लागला' असंही विचारलंय, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. नंदादेवी चढण्यापेक्षा तिच्या पायथ्याशी जाणं अवघड होतं. पहिल्या प्रयत्नानंतर पायथा गाठायलाच पन्नासेक वर्षं गेली.

डोंगराची रचना बघा. शिखराभोवती सुमारे 110 किलोमीटर लांबीची शिखरांची भिंत आहे, आणि ती जवळजवळ कुठंच 5500 मीटरच्या खाली उतरत नाही. पश्चिमेला एकच फट आहे. आतल्या हिमनद्यांचं सगळं पाणी घेऊन ऋषिगंगा त्या फटीतून बाहेर पडते आणि रैणी गावापाशी धौलीगंगेला मिळते. म्हणजे वाटा दोनच: भिंत ओलांडा, नाहीतर घळीतून आत शिरा. 1883 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ग्रॅहॅम घळीतून परतला. 1905 मध्ये लाँगस्टाफ हा दुसरा ब्रिटिश गिर्यारोहक पूर्वेच्या 5910 मीटरच्या खिंडीत (आजची लाँगस्टाफ खिंड) पोहोचला. तिथून त्याला आतलं खोरं दिसलं, पण उतरता आलं नाही. 1907 मध्ये त्यानं त्रिशूळ (7120 मीटर) सर केलं, तरी घळीचा वरचा भाग त्यालाही पार झाला नाही. त्यानंतर ह्यू रटलेज या ब्रिटिश गिर्यारोहकाचे तीन प्रयत्नही भिंतीबाहेरच संपले.

1934 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन, टिलमन आणि आंग थार्के, पासांग, कुसांग या तीन शेर्पांनी वाट काढली. लाता गावातून लाता खरक, धरांसी, दिब्रुघेटा, देवदी, रामणी अशी वाट जाते. रामणीपर्यंत चाल कष्टाची असली तरी माहितीतली होती. त्यापुढच्या सहा-सात किलोमीटरना नऊ दिवस लागले! दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, त्यावर अरुंद पट्ट्या. एक पट्टी संपली की कड्याच्या नाकावरून ट्रॅव्हर्स मारून (आडवं सरकत) पुढची पकडायची, प्रत्येक अवघड जागी ओझी दोरीनं ओढायची, मग पुन्हा मागे येऊन उरलेली न्यायची. नदी ओलांडायची तर पहाटे. दिवसभर बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी कमरेइतकी असलेली धार संध्याकाळी माणसाला उभं राहू देत नाही. त्यांनी आतल्या खोऱ्याचा नकाशा केला, दक्षिणेची धार चढण्याजोगी आहे हे हेरलं आणि मावळत्या पावसाळ्यात सुंदरढुंगा खिंडीतून बाहेर पडले. 1936 चं यश उभं आहे ते याच कामावर.

1936 ची मोहीम ब्रिटिश-अमेरिकन होती, आठ गिर्यारोहकांची. ती ऐन पावसाळ्यात गेली, त्यामुळे रामणीचा ओढा फुगलेला होता आणि डोटियाल (नेपाळच्या डोटी भागातले) हमाल तिथूनच परतले. माणा गावच्या लोकांनी साथ दिली, तरी बराच अन्नसाठा मागे टाकावा लागला. पुढे शेर्पा एकेक करून आजारी पडले, कितार हा अनुभवी शेर्पा बेस कॅम्पवर वारला, आणि वरच्या कॅम्पांपर्यंत सगळी ओझी गिर्यारोहकांनी स्वतः वाहिली. चहाचा साठाही दरीत गेला. उंचीवर माणसाला पाणी सारखं लागतं आणि नुसतं वितळवलेलं बर्फ घशाखाली उतरत नाही, म्हणून हे नुकसान लहान नव्हतं.

माथ्यासाठी आधी निवड झाली होती ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन यांची. सुमारे 7200 मीटरवरच्या तंबूत ह्यूस्टनला डब्यातल्या बिघडलेल्या मांसातून विषबाधा झाली. ओडेलनं वरून ओरडून 'चार्ली इज इल' असं कळवलं. खाली ते 'किल्ड' असं ऐकू गेलं आणि सगळे धावत वर गेले. ह्यूस्टन खाली उतरला, टिलमन त्याच्या जागी थांबला. 28 तारखेला दोघांनी तंबू आणखी वर हलवला आणि दुसऱ्या दिवशी माथा गाठला, कृत्रिम प्राणवायूशिवाय. त्याच वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी हे दोघेही नाकारले गेले होते: ओडेल वयामुळे, टिलमन उंची मानवत नाही म्हणून. 1950 मध्ये अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत माणसानं सर केलेलं सर्वांत उंच शिखर नंदादेवीच होतं.

भारतीय पथकानं ते प्रथम सर केलं 20 जून 1964 रोजी. नेते एन. कुमार, माथ्यावर नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू. मुख्य शिखरावर पहिल्या स्त्रिया पोहोचल्या सप्टेंबर 1981 मध्ये: रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल. त्यांची नावं क्वचितच घेतली जातात, ती घेतली गेली पाहिजेत. नंदादेवीला दोन माथे आहेत, मुख्य आणि पूर्व; त्यांना जोडणारी धार तर अनेकांना पेलली नाही. 1951 मध्ये द्युप्ला आणि विन्य हे फ्रेंच गिर्यारोहक तिच्यावर कायमचे नाहीसे झाले. 1976 मध्ये भारतीय-जपानी मोहिमेनं पूर्वेकडून मुख्य शिखराकडे ती पार केली.

आता 'आज जाता येतं का?' मुख्य शिखरावर नाही. 1974 नंतर मोहिमांची रीघ लागली. इंधनासाठी भूर्ज आणि जुनिपर तुटले, कस्तुरीमृगांची शिकार झाली, कॅम्पांवर कचरा साठला. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि गाभ्यातलं गिर्यारोहण बंद झालं. 1965 मध्ये अमेरिकी-भारतीय गुप्त मोहिमेनं वर नेलेलं प्लुटोनियमवर चालणारं टेहळणी उपकरण हेच बंदीचं कारण, असं अनेकदा सांगितलं जातं. ते उपकरण 1966 मध्ये जागेवर सापडलं नाही हे खरं, आणि 1978 मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्याची कबुलीही दिली. पण खोरं त्यानंतर 1974 मध्ये परदेशी पथकांनाही खुलं झालं होतं, म्हणून केवळ उपकरणानं बंदीचा उलगडा होत नाही.

पूर्व नंदादेवी (7434 मीटर) वेगळी. पोलिश पथकाचे बुयाक आणि क्लार्नर 2 जुलै 1939 रोजी तिच्यावर पोहोचले. तिचा बेस कॅम्प भिंतीबाहेर, मुनस्यारी-मिलम बाजूला आहे, त्यामुळे तिथं परवानगी काढून मोहिमा जातात. लाँगस्टाफ खिंडीवर दोर बांधून चढावं लागतं, आणि तिथून वरची धार लांब, चिंचोळी आणि दृष्टिभयाची (खाली पाहून भीती वाटावी अशी) आहे. तेनझिंग नोर्गे 1951 मध्ये पूर्व नंदादेवी चढले आणि आपली सर्वांत अवघड चढाई म्हणून त्यांनी तिचंच नाव घेतलं. चढायचं नसेल, नुसतं शिखर डोळे भरून पाहायचं असेल, तर पावसाळा सरल्यावर स्वच्छ सकाळी औली किंवा कौसानी गाठा.