भाडं भरायला सरकारी मदत मिळते का?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला जाते. महिन्याला ११ हजार मिळतात. मिस्टर वारले, मुलगा सातवीत आहे. सहा वर्षं एका खोलीत भाड्यानं राहतोय. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट १५ हजार. भाडं रोख देते, पावती नाही, कागद काहीच नाही. आता मालक पाच हजार मागतात, नाहीतर पाणी तोडतो म्हणतात. गरिबांचं भाडं सरकार भरतं असं ऐकलं. अर्ज कुठं करायचा?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, दर महिन्याचं भाडं तुमच्या खात्यात जमा करणारी योजना नाही. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आधी पाण्याचं बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. तोडलं तर कोर्ट ते पुन्हा सुरू करायला लावतं. आणि कागद नाही म्हणून तुम्ही घाबरलाय, पण कलम ५५ नीट ऐका. भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तो केला नसेल, तर भाडं किती ठरलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणून उद्या त्यांनी घाईनं ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू द्यायचा, कागद पुढं केला, तर लगेच सही करू नका. त्याची मुदत संपली की खोली सोडावीच लागते. आज तुमच्या बाजूला जे आहे ते त्या एका सहीनं जाईल.

विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. एक दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, पण जा.

तुम्ही भाडं रोख देता, पावती घेत नाही, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. २०१९ च्या पुरात आमची भाड्याची खोली छतापर्यंत बुडाली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा वीजबिल मालकाच्या नावाचं, रेशनकार्ड गावाकडचं. सात वर्षं तिथं राहिले होते, पण ते दाखवायला माझ्याकडं चिठोराही नव्हता. मदतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. भाड्याची पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. देत नसतील तर भाडं फोनवरून पाठवा, त्याची नोंद राहते. मुलाच्या शाळेत, बँकेत, आधारवर हाच पत्ता घाला.

आता स्वतःच्या घराचं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणारी कुटुंबं दुर्बल गटात येतात, म्हणजे तुम्ही बसता. विधवा बाईला त्यात प्राधान्य आहे. योजनेतल्या प्रकल्पात घर घेतलं तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा वाटा मिळतो. उरलेली रक्कम मात्र आपली असते, कर्जाचा हप्ता झेपेल का ते आधी बघा. या योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही भाग आहे. आपल्याकडं तशी घरं आहेत का, हे महापालिकेत आवास योजनेच्या टेबलावर विचारा. तुमच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं ही अट आहे. मिस्टरांच्या माघारी गावच्या घराच्या उताऱ्याला वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का? आधी तो उतारा काढा, कारण अर्ज तिथंच अडतात.

आणि ताई, भांडण चालू आहे म्हणून भाडं थांबवू नका. थकबाकी झाली की मालकाला खोली खाली करून मागायला कारण मिळतं. या महिन्याचे साडेतीन हजार वेळेवर पाठवा. त्यांनी परत केले, तर तो मेसेज तसाच ठेवा आणि वकिलांना दाखवा.