लहानपणी आवडीने खायचात, पण आता खात नाही असा पदार्थ कोणता?
खरवस. गल्लीत गवळी होता तोवर म्हैस व्याली की चिकाचा तांब्या न सांगता घरी यायचा, अर्थात रेडकाचं पोट भरल्यावर उरलेला. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट, की भरपूर दूध घातलं नाही तर वडी रबरासारखी चिवट व्हायची. गूळ, वेलदोडा, वर जायफळ किसून कुकरमध्ये शिट्टी न लावता वाफवायचा. चिकातली प्रथिनंच उष्णतेने घट्ट होतात, वेगळं काही लागत नाही. जायफळाचा तपकिरी थर मी आधी खरवडून खायचो, त्यावरून बहिणीशी भांडणंही व्हायची.

आता दूध पिशवीतून येतं. दुकानातला खरवस अनेकदा चायनाग्रास घालून थिजवलेला, वर साखरेचा! त्याला मी तरी हात लावत नाही.