उपचाराची पेस्ट की पूरक पीठ: सुरुवात कुठून करावी

तुम्ही विचारलंय की शेंगदाणा, ज्वारी, हरभरा सगळं गटातल्या बायकांच्या शेतातच पिकतं, गिरणीही आहे, तर अतितीव्र कुपोषित मुलांसाठीची तयार पेस्ट (आरयूटीएफ) आपणच का बनवू नये. मी बारा वर्षं पूरक आहाराच्या एका युनिटमध्ये काम केलंय. माझं मत आधीच सांगते: सुरुवात पूरक पिठापासून, म्हणजे लहान मुलांच्या पेजेसाठीच्या पिठापासून करा. उपचाराची पेस्ट पुढच्या टप्प्यात, आणि प्रयोगशाळेची सोय झाल्याशिवाय नाहीच.

त्या पेस्टमध्ये शेंगदाणा किती असतो ते बघा. बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि अन्न-अभियंते मिशेल लेस्कान यांनी 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये ती तयार केली. रूढ प्रमाण साधारण असं: साय न काढलेल्या दुधाची पावडर 30 टक्के, साखर 28, शेंगदाणा 25, तेल 15 आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण 1.6. म्हणजे आपल्या शेतातलं पीक जेमतेम पाव भाग. खरा खर्च दुधाचा, आणि ते दीड टक्क्याचं मिश्रण विकतच आणावं लागतं. ते गाळलं तर राहतो तो गोड शेंगदाणा. त्याने आजारी मूल सावरत नाही.

दूध कमी करायचा मोह सगळ्यांनाच होतो. आफ्रिकेतल्या मलावीत 25 टक्के दुधाची पेस्ट आणि 10 टक्के दूध अधिक सोयाबीनची पेस्ट अशी तुलना झाली. 2010 साली निकाल आला, तेव्हा कमी दुधाच्या पेस्टवर बरं होणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी भरलं. पुढे त्याच देशात सोयाबीन, मका आणि ज्वारीची बिनदुधाची पेस्ट वरून अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) घालून दिली, तिचा 2017 चा निकाल दुधाच्या पेस्टच्या तोडीचा होता. म्हणजे देशी पिकांची वाट आहे, पण त्यात अमिनो आम्लं मोजूनमापून घालावी लागतात. ‘आमची ज्वारी पौष्टिक आहे’ एवढ्यावर भागत नाही.

आता पाणी आणि बुरशी, ज्यावर माझी सगळ्यात जास्त झोप उडालीय. पेस्ट टिकते ती तेलामुळे, पाण्याचा अंश 2.5 टक्क्यांच्या आत असल्यामुळे. आमच्याकडे एकदा ग्राइंडर धुतला आणि घाईत पुरता न वाळवता चालवला. भांड्याच्या कडेला ओलसर गोळे धरले, पूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून यंत्रं कोरडीच पुसायची हा नियम. अफ्लाटॉक्सिन म्हणजे दाण्यावरच्या बुरशीचं विष; त्याची मर्यादा या पेस्टबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या निवेदनात 5 पीपीबी (अब्ज भागांत पाच भाग) आहे, आणि हे विष भाजून जात नाही. म्हणून काम निवडण्याच्या टेबलावरच होतं. आमच्या बायका दाणे पांढऱ्या पत्र्यावर पसरायच्या. सुरकुतलेला, काळपट, टरफल सोलताना तुटलेला, कोंब काळा पडलेला दाणा बाजूला. पोत्यातला दहावा भाग गेला तरी वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि तो नाकारलेला माल कुणाच्या घरीही जाऊ द्यायचा नाही. तरीही डोळ्यांना न दिसणारं राहतंच, त्यामुळे प्रत्येक लॉटची तपासणी हवीच.

पूरक पिठात मात्र तुमची पिकं खरोखर राज्य करतात. तीन भाग धान्य, एक भाग डाळ किंवा सोयाबीन, वर तेलबिया. सोयाबीन नीट भाजाच, कच्च्यात पचनाला अडवणारे घटक असतात. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं, म्हणजे आठ किलोच्या मुलाला पाव लिटरही नाही. पेज पातळ केली तर पोट भरतं पण ताकद मिळत नाही, घट्ट केली तर मूल दोन चमच्यांवर तोंड फिरवतं. इथे मोड आलेलं धान्य कामी येतं. मोड आणून वाळवून दळलेलं पीठ थोडंसं शिजत्या पेजेत मिसळलं की ती डोळ्यांसमोर सैल होते, आणि मग त्याच वाटीत जास्त पीठ बसतं. फक्त मोडाचं धान्य जोरात भाजू नका, ते काम करणारं विकर (एन्झाइम) भाजल्याने मरतं. ज्वारी वापरलीत तर वाळल्यावर कोंब आणि मुळं चोळून, पाखडून काढा. त्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. मोड आणताना चिकट किंवा कुबट वास आला तर तो घाणा गेलाच समजा.

आणखी एक, हे फार जीव तोडून सांगते. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या आत, पायावर सूज, किंवा भूकच मेलेली, असं मूल दिसलं तर तुमच्या पिठाची वाट बघू नका, लगेच आरोग्य केंद्रात न्या.

पहिल्या घाण्याची आर्द्रता आणि अफ्लाटॉक्सिन मोजून घ्या. आकडे आले की इथे टाका, प्रमाण आपण मिळून बसवू.