पहिलं पाकीट शिवण्याआधी

कातडं ऑनलाइन मागवू नका. ठाण्याहून स्लो लोकलने सायनला उतरा, धारावीत हात लावून बघा आणि ‘व्हेज-टॅन’च (झाडांच्या सालीने कमावलेलं) मागा, क्रोम-टॅनच्या (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) कातड्याच्या कडा घासून तशा गुळगुळीत होत नाहीत. कार्डांच्या पाकिटाला १.२ मिमी पुरे, २ मिमीचं घडीपाशी फुगतं.

शिलाई दोन सुयांची, हातानेच. भोकं ४ मिमी अंतरावर, मेणाचा दोरा शिवणीच्या चौपट. प्रत्येक टाक्याला आधी त्याच बाजूची सुई घाला, नाहीतर टाके एका दिशेला झुकत नाहीत आणि ओळ विस्कटलेली दिसते. शेवटी दोन टाके उलटे.

पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कोंबलंत की बुरशी आलीच. सुती कापडात गुंडाळा.

विकायचं मनात असेल तर दरात तुमचे तास धरा, आणि वाया गेलेली कतरणसुद्धा.