आईला घेऊन पहिल्यांदा लूर्डला निघताना

आईला घेऊन निघालीस, फार छान केलंस. मी यात्रेच्या ग्रुपबरोबर फ्रान्समधलं लूर्ड आणि पोर्तुगालमधलं फातिमा या मरियामातेच्या तीर्थस्थानांना तीनदा जाऊन आलेय, त्यातलं सुरुवातीला लागेल तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी चालणं. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या पायऱ्या आई चढते म्हणून लूर्डलाही सहज फिरेल, असं धरून चालू नकोस. दिवसभर कडक फरशीवर उभं राहावं लागतं. महिनाभर रोज संध्याकाळी दोघी बँडस्टँडला चाला, आणि नेणार असाल तेच बूट घालून. मी पहिल्या वेळी नवे कोरे बूट नेले. दुसऱ्याच दिवशी टाचा सोलल्या आणि रात्री ९ची मेणबत्त्यांची मिरवणूक हॉटेलच्या खोलीतून नुसती ऐकली. अजून हळहळ वाटते.

- शेंगेन (फ्रान्ससकट बऱ्याच युरोपीय देशांच्या सामाईक) व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा. आजच बघ.
- आईची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत.
- लूर्डच्या गुहेतल्या झऱ्याचं पाणी परतताना चेक-इन बॅगेत. हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली बऱ्याच विमानतळांवर चालत नाही.

दुसरी चूक खरेदीची. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी रोझरी (जपमाळा) घ्यायच्याच, पण तासाभरात उरक. १८५८ साली बर्नाडेट या तिथल्या मुलीला १८ वेळा मरियामातेचं दर्शन झालं ती गुहा बघायला तू चालली आहेस. रात्री गर्दी ओसरली की आईला घेऊन तिथे नुसती बस. कॅमेरा खोलीवर ठेव.

मिस्सा (चर्चची उपासना), बस, जेवण हे सगळं फादर आणि गाईड बघतात. फातिमाचं पुढच्या वेळी सांगेन.